वाट मोकळी करणारा वीर

पराक्रम म्हटला की उगारलेली तलवार डोळ्यांपुढे येते. किल्ला कोणी सर केला हे शाळेतील पोरासही ठाऊक असते. पण तोफा वर चढाव्यात म्हणून वाट कोणी फोडली, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणूनच ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे ह्यांची हकिकत ठेवावी असे आम्हांस वाटले.

राण्यांचे मूळ गाव कारवारजवळील चेंडिये. जन्म २६ जून १९१८ रोजी हावेरी येथे झाला. १९४० साली ते बाँबे सॅपर्स पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आराकान आघाडीवर होते. तेथे बुथिडाँग येथे मागे राहून ठेवणीतील सामग्री नष्ट करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. न्यावयास येणारी जहाजे आलीच नाहीत. तेव्हा जपानी पहारे चुकवून, नदी ओलांडून ते आपल्या लोकांत येऊन मिळाले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांस अधिकारपद मिळाले. म्हणजे पुढील प्रसंगी हुद्दा जेमतेम चार महिन्यांचा होता. अनुभव मात्र आठ वर्षांचा!

काश्मीरच्या लढाईत राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून शत्रूच्या हाती होती व तेथील रहिवाशांचे अतोनात हाल चालले होते. नौशेऱ्याहून रणगाडे जितके लवकर पोहोचतील तितके जीव वाचणार होते. परंतु रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडविलेल्या आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर मशीनगनी!

८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले व स्वतः राणे धरून पाच जण घायाळ झाले. नायकाने तेथे बसकण मारली असती, तर तुकडी उठली नसती. राण्यांनी माणसे पुन्हा सावरली व लगेच कामास आरंभ केला. डोग्रा पलटणीने बरवाली टेकडी घेतल्यावर शत्रू अद्याप जवळपास आहे हे जाणूनही त्यांनी रणगाड्यांसाठी बगलरस्ता खणावयास घेतला. रात्री दहापर्यंत गोळीबारात हे काम चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी तीन, पुन्हा तेच. मग पाइनची झाडे स्फोटाने उडवीत ते पुढे सरकले. सुरुंग काढताना रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकास दोरीने इशारे देत त्यांनी वाट काढली, ही गोष्ट तर सैन्यात सर्वश्रुत आहे.

तिन्हीसांजेस पाच प्रचंड वृक्षांचा अडसर आला. त्याच्या सभोवती सुरुंग होते व त्यावर मशीनगनीचा रोख होता. १० तारखेस पहाटे पावणेपाचला राण्यांनी त्याला हात घातला आणि साडेसहाला तो दूर केला. पुढील हजार यार्डांत तर अडथळ्यांची रांगच लागली होती. तीही साडेदहापर्यंत मोकळी झाली. रणगाडे तवी नदीच्या पात्रातून चिंगसकडे गेले. पण मागून अन्न व दारूगोळा यावयाचा तो रस्त्यानेच! हे ओळखून जखमी राणे अन्नविश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत राबले. ११ रोजी सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरी रात्री दहापर्यंत ते पुढचा रस्ता साफ करीतच होते. १२ एप्रिल रोजी सैन्य राजौरीस पोहोचले.

ह्या पराक्रमाबद्दल राण्यांस परमवीरचक्र मिळाले. काश्मीरच्या त्या युद्धातील पाच परमवीरांपैकी तिघांस ते मरणोत्तर लाभले. हयात राहिले ते लान्स नायक करमसिंग आणि राणे. शत्रूचे किती लोक लोळविले ह्या मापाने पाहू जाता राण्यांच्या नावावर फारसे काही सापडणार नाही. त्यांच्या हाती त्या चार दिवसांत बहुधा पहार, फावडे व स्फोटके एवढेच होते. पुढे मेजर म्हणून ते १९६८ साली निवृत्त झाले आणि १९९४ च्या जुलैत पुणे मुक्कामी वारले.