कोर्लई : तट आणि बोली

रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका जेथें सागरास मिळते, तेथें कोर्लईची अरुंद टेकडी पाण्यांत शिरलेली आहे. माथ्यावरून चालतांना एका हातास समुद्र, दुसऱ्या हातास खाडी दिसते. हें मर्मस्थान हेरून अहमदनगरच्या निजामशहानें येथें दुर्ग उभारला. १५९४ त पोर्तुगीजांनीं तो जिंकला व १७४० त तो मराठ्यांकडे आला. त्यास पावणेतीनशें वर्षें उलटून गेलीं. तथापि पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें आपली पोर्तुगीजोद्भव बोली अद्यापि घरांत बोलतात. तिला राजाश्रय नाहीं. मुलांची शाळाही मराठी. तट पाहावयास जाणाऱ्यानें ही बोलीही ऐकावी. तट ढासळला तरी दगड उरतात. बोली मावळली म्हणजे तेवढेंही उरत नाहीं.