ढोल कोणाचा? हैतीच्या संगीताभिमानाची दोनशे वर्षे

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली आणि मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आपल्या दीपावलीची नोंद झाली. त्याच बैठकीत कॅरिबियन समुद्रातल्या हैती या छोट्या देशाच्या ‘कोंपा’ संगीताचीही नोंद झाली. दिवाळी किती जुनी हे सांगणे अवघड आहे. कोंपाचे वय मात्र नेमके सांगता येते. हे नृत्यसंगीत १९५५ सालचे, म्हणजे नोंद झाली तेव्हा अवघे सत्तर वर्षांचे. शिवाय त्याच्या जन्मदात्याने त्याचा साचा शेजारच्या देशाकडून उचलला होता. मग उसन्या साच्यातून निघालेले हे तरुण संगीत एका राष्ट्राचा वारसा कसे ठरले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते. कारण ‘आपले संगीत कोणते’ हा हैतीत कधीच निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. त्याच्या आडून ‘हैतीयन कोण’ हा प्रश्न विचारला जात होता.

फ्रेंचांची ही वसाहत साखरेवर आणि कॉफीवर श्रीमंत झाली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख गुलाम राबत होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला. बुकमन नावाच्या गुलाम पुढाऱ्याने रात्री वूडूचा विधी करून त्याची सुरुवात केली, असे हैतीचे लोक मानतात. १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला. ज्या ढोलाच्या साथीने ते देवतांना बोलावत, त्या ढोलाला नव्या राष्ट्रात मानाचे स्थान मिळायला हवे होते. घडले उलटेच. शहरातला सुशिक्षित वर्ग फ्रेंच बोलणारा आणि पॅरिसकडे पाहणारा निघाला. खेड्यातली बहुसंख्य प्रजा क्रेओल बोलणारी आणि वूडू पाळणारी राहिली. १८३५ च्या दंडसंहितेने तर वूडूची गणना गुन्ह्यांत केली. गुलामांच्या बंडातून जन्मलेल्या राष्ट्राने आपल्याच बहुसंख्यांचा धर्म बेकायदा ठरवला.

शहरी दिवाणखान्यांचे लाडके नृत्य होते मेरेंग. पियानोवर वाजणाऱ्या या संथ, डौलदार रचनांत पाच आघातांचा एक लचकता गट पुन्हा पुन्हा येतो. तीच मेरेंगची ओळख. हा ताल आफ्रिकेतला की युरोपातला, यावर तिथल्या विद्वानांनी बरीच शाई खर्ची घातली. वाद स्वरलेखनाचा दिसला, तरी तो मुळात वंशावळीचा होता. एवढे मात्र खरे की याच दिवाणखान्यांत क्रेओल भाषेनेही पाऊल टाकले. ओस्वाल्द द्युराँ या कवीने १८८३ साली ‘शुकून’ ही क्रेओल कविता लिहिली. १८९३ मध्ये मिशेल मोलेआर मोंतों यांनी तिला मेरेंगची चाल दिली. पुढे १९५७ साली अमेरिकेत त्या चालीवर इंग्रजी शब्द बसवले गेले आणि ‘यलो बर्ड’ या नावाने ती जगभर पोहोचली. ऐकणाऱ्यांपैकी कितीकांना ती हैतीची ठाऊक असेल?

अभिमानाला धार आली ती अपमानातून. १९१५ साली अमेरिकेचे नौसैनिक हैतीत उतरले आणि एकोणीस वर्षे राहिले. आपण फ्रेंच संस्कृतीचे वारस आहोत, हा उच्चभ्रूंचा समज गोऱ्या सैनिकांपुढे टिकला नाही. त्यांच्या लेखी सारेच काळे सारखे होते. अशा वेळी १९२८ मध्ये जाँ प्राइस-मार्स या वैद्य आणि मानववंशशास्त्रज्ञाचे पुस्तक आले. नावाचा अर्थ, ‘काका असे बोलले’. गावकऱ्यांच्या गोष्टी, म्हणी, गाणी आणि वूडू हेच आपले धन आहे. ते नाकारून परक्यांची नक्कल करणे हा सामूहिक आत्मवंचनेचा प्रकार आहे, असे त्याने आपल्याच वर्गाला सुनावले.

त्याचा परिणाम संगीतात दिसला. ल्युदोविक लामोत हा पॅरिसमध्ये शिकलेला पियानोवादक. लोक त्याला ‘काळा शोपँ’ म्हणत. १९३४ च्या कार्निव्हलमध्ये पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीतल्या स्पर्धेत त्याची ‘निबो’ ही मेरेंग पहिली आली. निबो हे वूडूतल्या मृतांच्या देवगणातले नाव. शोपँची आठवण करून देणाऱ्या बोटांनी त्या देवतेला शहराच्या रस्त्यावर आणले आणि त्याच वर्षी अमेरिकन सैन्य देश सोडून गेले.

पण पुस्तकाने आणि पारितोषिकाने कायदा बदलत नाही. १९३५ साली हैतीच्याच सरकारने ‘अंधश्रद्ध प्रथां’विरुद्ध नवा कायदा केला. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर मोहीम काढली. देवळे उद्ध्वस्त झाली, पूजेच्या वस्तूंबरोबर ढोलही जाळले गेले. आणि लगेच १९४३ मध्ये ‘जाझ दे ज्यन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटच्या शेजारी त्याने वूडूचे ताल मांडले. १९४९ मध्ये राजधानीच्या द्विशताब्दीनिमित्त भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा याच वृंदाबरोबर लुमान काझिमिर या गायिकेचा आवाज देशी-परदेशी पाहुण्यांनी ऐकला. रंगमंचावरचा ढोल ही लोककला आणि देवळातला ढोल हा गुन्हा, अशी ही वाटणी होती. देशी संगीताचा अभिमान बाळगणाऱ्या पुष्कळांना ती सोयीची वाटली.

आता कोंपाकडे येऊ. १९५० च्या आसपास हैतीच्या नृत्यगृहांत आणि रेडिओवर क्युबन संगीत होते, अमेरिकन जाझ होता आणि शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातले वेगवान मेरेंगेही होते. हे मेरेंगे हुकूमशहा त्रुहियोने राष्ट्रीय संगीत म्हणून पुढे आणले होते. याच त्रुहियोच्या सैन्याने १९३७ साली सीमाभागात हजारो हैतीयनांची कत्तल केली होती. नेमूर जाँ-बातिस्त या सॅक्सोफोनवादकाने नेमके तेच मेरेंगे उचलले. १९५५ साली त्याने वेबेर सिको या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाबरोबर जो संच काढला, त्याचे नावही स्पॅनिशच होते: ‘कोन्हुन्तो इंतरनॅशनल’. मात्र त्याने लय उतरवली, घंटेचा आणि हाताने वाजवायच्या तांबू या ढोलाचा ठोका सरळ व सलग ठेवला आणि या शैलीला नाव दिले ‘कोंपा दिरेक्त’, म्हणजे थेट ठोका. पाय आपोआप पडत जातील असा हा ताल होता. त्याच्यावर नाचायला ना दिवाणखाना लागत होता, ना वूडूची दीक्षा.

लवकरच सिको वेगळा झाला. ‘कादान्स राम्पा’ नावाने त्याने आपली शैली काढली आणि दोघांच्या चाहत्यांत चुरस लागली. एकमेकांना टोमणे मारणारी गाणी निघाली, कार्निव्हलात पाठीराख्यांचे तांडे समोरासमोर येऊ लागले. दोन्ही शैलींत फरक तसा थोडाच. पण लोक आता परदेशी वाद्यवृंदांची तुलना करत नव्हते. भांडण दोन हैतीयनांत होते. देशी संगीत रुजल्याची याहून पक्की खूण कोणती? १९५७ पासून द्युव्हालिए पितापुत्रांची राजवट आली. तिनेही या लोकप्रियतेचा वापर केला. वृंदांना सत्तेच्या स्तुतीची गाणी वाजवावी लागली. अभिमानाची ही काळी बाजू विसरून चालणार नाही.

साठच्या दशकात ‘मिनी-जाझ’ म्हणवणारे तरुणांचे छोटे संच आले, गिटारी आल्या. राजवटीला कंटाळून देश सोडणाऱ्यांबरोबर हे संगीत न्यूयॉर्कला गेले. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘ताबू कोम्बो’चे ‘न्यूयॉर्क सिटी’ हे गाणे १९७५ साली पॅरिसमध्ये गाजले. मार्टिनिक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर तर हैतीच्या संचांचेच राज्य झाले. इतके की तिथल्या कलावंतांना आपल्या संगीताची चिंता वाटू लागली आणि १९७९ मध्ये ‘कासाव’ हा संच जन्मला. त्याने काढलेल्या ‘झूक’ शैलीत कोंपाचा अंश होता. १९८४ नंतर झूकची लाट हैतीतच येऊन धडकली आणि आता हैतीचे संगीतकार परक्या आक्रमणाची तक्रार करू लागले. डोमिनिकनांकडून घेतलेले धन शेजाऱ्यांना देऊन ते नव्या वेषात परत आले, तेव्हा ते ओळखीचे वाटले नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये द्युव्हालिए पळाला. १९८७ च्या राज्यघटनेने क्रेओलला फ्रेंचबरोबर राजभाषा केले. त्या मोकळ्या हवेत ‘मिझिक रासिन’, म्हणजे मुळांचे संगीत, पुढे आले. त्याचे कोंपावर आक्षेप होते: करमणुकीत रमलेले, सत्तेपुढे नमलेले, देवळातल्या ढोलाला विसरलेले संगीत. ‘बुकमन एक्स्पेरियन्स’ या संचाने उपवासकाळातल्या रारा मिरवणुकींचे ताल आणि बांबूची शिंगे विजेच्या गिटारीशेजारी आणली. १९९० च्या कार्निव्हलमध्ये त्यांचे ‘केम पा सोते’ गाजले. नावाचा भावार्थ, ‘मी डगमगत नाही’. लष्करी राजवटीखालच्या लोकांना त्याचा रोख समजावून सांगावा लागला नाही. काही आठवड्यांत लष्करशहाला जावे लागले. पण मुळांचा हा झेंडा घेणाऱ्यांचे नावही पाहा: अर्धे १७९१ च्या बुकमनचे आणि अर्धे जिमी हेंड्रिक्सच्या ‘एक्स्पीरियन्स’चे. शुद्ध मुळे त्यांनाही सापडली नव्हती आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. अखेर २००३ साली सरकारने वूडूला धर्म म्हणून मान्यता दिली. स्वातंत्र्यानंतर एक कमी दोनशे वर्षांनी देवळातला ढोल कायद्याच्या कक्षेत आला.

लामोतची निबो, लुमानचा आवाज, नेमूरचा ठोका, बुकमनची शिंगे यांत शुद्ध देशी असे काही शोधू गेल्यास हाती थोडेच लागते. त्यांना जोडणारा धागा वेगळा आहे. दर पिढीत नृत्याच्या रिंगणात आधी बाहेर ठेवलेले कोणीतरी आत आले: आधी भाषा, मग गाव, मग गल्लीतली पोरे, शेवटी देव. उसने काय घेतले यापेक्षा त्यामुळे कोणाला आत यायला जागा झाली, यावरून हैतीच्या लोकांनी संगीत आपले मानले. परकेपणाचा शिक्का मात्र बहुतेक वेळा आपल्याच खालच्या माणसांवर मारला गेला होता.

आज त्या रिंगणालाच धोका आहे. राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला आहे. ग्रॅहम ग्रीनच्या ‘द कॉमेडियन्स’ कादंबरीमुळे जगाला माहीत झालेले ओलोफसन हे लाकडी हॉटेल जुलै २०२५ मध्ये जाळले गेले. ‘राम’ हा रासिन संच तिथे वर्षानुवर्षे गुरुवारी रात्री वाजवत असे. पाचच महिन्यांनी दिल्लीत कोंपाचे नाव यादीत चढले. पॅरिस, ब्रुकलिन, मायामी आणि मॉन्ट्रियलमध्ये तो सरळ ठोका चालू आहे. जिथे तो जन्मला, त्या शहरात मात्र त्यावर नाचायला आधी रात्री घराबाहेर पडता आले पाहिजे.