चाल कोणी सांगावयाची?

आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून पुष्कळांस नवल वाटले असेल. कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे आणि बोलावे ते अमेरिकेतील कॉलेजांच्या फुटबॉलवर! आम्ही हा खेळ कधी खेळलो नाही, मैदानावर बसून पाहिलेलाही नाही. त्याच्याकडे आम्ही वळलो ते एका निकालपत्रामुळे. २०१४ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार-संबंध मंडळाच्या शिकागो येथील अधिकाऱ्याने असा निर्णय दिला, की नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे शिष्यवृत्तीवर खेळणारे फुटबॉलपटू हे कायद्याने कामगार आहेत. खेळणारी मुले कामगार कशी ठरली, हे शोधू लागलो आणि बघता बघता दीडशे वर्षे मागे गेलो.

प्रथम खेळाचा थोडा खुलासा केला पाहिजे. फुटबॉल म्हटले की आपल्यापुढे कोल्हापूरचे शाहू स्टेडियम आणि तेथील तालमींचे संघ उभे राहतात. अमेरिकन फुटबॉल निराळा. चेंडू लांबोडा, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातात धरून पळावयाचे, आणि समोरच्याने अंगावर येऊन पळणाऱ्याला पाडावयाचे. अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि या थांबण्यातच सारी मेख आहे. आपल्या हुतूतूत गडी दम धरून पलीकडे शिरला की त्याला कोण काय शिकविणार? पण खेळ थांबला म्हणजे विचाराला जागा होते, आणि तो विचार कोणी करावयाचा याचा तंटा सुरू होतो.

हे थांबणे खेळात आणले येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप यांनी, १८८० साली. त्याआधीचा खेळ म्हणजे झुंबड होती. १८६९ साली न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा जो पहिला सामना धरला जातो, त्यात दर बाजूस पंचवीस गडी होते. कँप यांनी संघ अकरांचा केला, मध्ये रेषा आखली आणि एकाने चेंडू मागे सारावा व मागच्याने तो घेऊन खेळ सुरू करावा असे ठरविले. तो मागचा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. पुढे कोणती चाल खेळावयाची याचे इशारे बहुधा तोच देऊ लागला. हे कँप पुढे घड्याळांच्या एका मोठ्या कारखान्याचे प्रमुख झाले, ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांस हसू आले. काम तोडून मोजता येते हे घड्याळवाल्याशिवाय कोणाला सुचणार?

पण मोजून दिलेला खेळ रक्ताळ निघाला. थोडेच यार्ड मिळवावयाचे असल्यामुळे सारे गडी एकमेकांस धरून पाचरीसारखे प्रतिपक्षावर घुसत. १८९२ साली हार्वर्डने येलवर जी प्रसिद्ध पाचर चालविली, तिची कल्पना लोरिन डीलंड या गृहस्थांची. ते स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते, बुद्धिबळ मात्र खेळत. मैदानाबाहेरच्या माणसाने चाल रचावयाची आणि आतल्यांनी हाडे मोडून घ्यावयाची, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे. १९०५ च्या हंगामात अठरा-एकोणीस मुले मेल्याची गणती वर्तमानपत्रांनी दिली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या मंडळींस व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा असे बजावले. मैदान रुंद करावे म्हणजे गर्दी फाकेल, अशी एक सूचना पुढे आली. पण हार्वर्डने १९०३ साली काँक्रीटचे स्टेडियम बांधून ठेवले होते. ते कोण रुंद करणार? तेव्हा १९०६ पासून चेंडू हाताने पुढे फेकण्यास, म्हणजे पासला, परवानगी मिळाली. कँप यांस ती पसंत नव्हती. मुलांच्या जिवासाठी केलेल्या सुधारणेत काँक्रीटचाही एवढा हात होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परवानगी दिली तीही कुरकुरत. पास कोणाच्या हाताला न लागता पडला, तर चेंडू सरळ प्रतिपक्षाला! त्या वर्षी ५ सप्टेंबरला विस्कॉन्सिनमध्ये सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला पास फेकला, तो असाच पडला आणि चेंडू गेला. त्याच सामन्यात त्याने पुन्हा फेकला, आणि त्यावर टचडाऊन झाले. थोरल्या विद्यापीठांनी याकडे दुर्लक्ष केले. ज्यांच्याजवळ धिप्पाड गडी होते त्यांस फेकण्याची गरज काय?

गरज होती ती दुबळ्यांस. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे सरकारने मूळच्या अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी शाळा काढली होती. मुलांस घरापासून तोडून आणावयाचे, केस कापावयाचे, मातृभाषा बोलू द्यावयाची नाही, असा तिचा खाक्या. तेथील मुले अंगाने हलकी होती. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या हाताखाली १९०७ साली त्यांनी पासचा असा उपयोग केला, की पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारखा बलाढ्य संघ २६-६ असा हरला. पुढे १९१३ च्या १ नोव्हेंबरला नोत्र दाम या कॅथलिक कॉलेजाने वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला ३५-१३ असे हरविले. गस डोरे याने १७ पास फेकले, पैकी १४ साधले, २४३ यार्ड मिळाले. त्याचे पास झेलणारा नूट रॉक्नी हा नॉर्वेतून आलेला मुलगा. कॉलेजात येण्यापूर्वी शिकागोच्या टपालखात्यात नोकरी करून त्याने पैसे साठविले होते. त्या उन्हाळ्यात दोघे ईरी सरोवराकाठी एका सहलीच्या ठिकाणी कामाला होते, आणि काम आटोपले की वाळूवर पासचा सराव करीत.

पासने खेळात नेमके काय बदलले? चेंडू घेऊन घुसावयाचे असेल तर चाल आधीच ठरते. पण फेकावयाचे म्हणजे क्वार्टरबॅकने मागे सरावे, दोन-तीन क्षणांत कोण मोकळा आहे हे पाहावे, अंगावर येणाऱ्यांस न भिता हात सोडावा किंवा फेकण्याचा मोह आवरावा. हे डोळे कोणी उसने देऊ शकत नाही. त्या काळचे नियमही याला पोषक होते. बाहेर बसलेल्या प्रशिक्षकाने सूचना दिली तर यार्डांचा दंड होई. बदली गडी आत आला तरी एक चाल होईपर्यंत त्याने तोंड उघडावयाचे नाही, कारण तो निरोप घेऊन आला असेल! खेळ विद्यार्थ्यांचा आहे आणि विद्यार्थ्यांनीच चालवावा, असा त्यामागे भाव होता.

पण याच सुमारास, १९११ साली, फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक निघाले. कामाचा विचार कामगाराकडून काढून घेऊन व्यवस्थापनाच्या दालनात न्यावा, हे त्याचे सार. आमच्या गिरणगावात त्या विचाराचे पाऊल १९२८ साली पडले. दोन साच्यांच्या जागी तीन साचे सांभाळा, असे विणकरांस सांगण्यात आले, आणि सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. फुटबॉलमध्ये तेच घडले, मात्र संपावाचून. गडी हवे तेव्हा बदलण्याची मोकळीक १९४१ साली मिळाली, १९५३ साली आवळली गेली आणि १९६५ पासून पूर्णपणे परत आली. मग चढाईचे गडी वेगळे, बचावाचे वेगळे, आणि दर चालीला एक गडी निरोप घेऊन आत. क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाचे पॉल ब्राऊन यांनी असे निरोपे नेमले होते. १९५६ साली तर त्यांनी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसविला. तो तेव्हा बंद पाडण्यात आला. व्यावसायिक खेळात रेडिओ १९९४ साली आला, कॉलेजांच्या वरच्या श्रेणीत २०२४ साली. चालीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आपोआप मुका होतो. म्हणजे उरलेले पंधरा सेकंद त्या पोराचे स्वतःचे!

आता शौकिनांकडे वळू. सामने शनिवारी होतात आणि वाद पुढचे सहा दिवस चालतात. सामना संपल्यावर शहाणपण सांगणाऱ्यास तिकडे 'सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक' म्हणतात. आपल्याकडे क्रिकेटचे असे क्वार्टरबॅक चहाच्या दर टपरीवर भेटतील. तिकडचा जुना वाद असा, की फेकावे की पळावे? चेंडू फेकला की तीन गोष्टी होतात आणि त्यांतल्या दोन वाईट, असे एक वचन ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्या नावावर सांगतात. टेक्ससवाले ते आपल्या डॅरेल रॉयल यांचे म्हणतात. हेज १९५१ पासून अठ्ठावीस हंगाम प्रशिक्षक होते. त्यांचा शेवट मात्र पासनेच केला. २९ डिसेंबर १९७८ रोजी क्लेमसनविरुद्ध दोन गुणांनी मागे असता त्यांच्या कोवळ्या क्वार्टरबॅकचा पास प्रतिपक्षाच्या गड्याने हवेतच पकडला. हेज यांनी सर्वांदेखत त्या गड्याला ठोसा लगावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली.

याहून मोठा वाद २ जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बाउलचा. नेब्रास्काने हंगामात एकही सामना हरलेला नव्हता. मायामीविरुद्ध ते ३१-१७ असे मागे पडले, तेथून झुंजत ३१-३० वर आले. शेवटचे मिनिटही पुरे उरले नव्हते. लाथेने चेंडू मारून एक गुण मिळविला असता तर बरोबरी झाली असती आणि राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा त्यांनाच मिळाले असते. जादा वेळेची पद्धत तेव्हा नव्हती. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी बरोबरी नाकारली, दोन गुणांसाठी चाल सांगितली. टर्नर गिलने पास फेकला, मायामीच्या गड्याचा हात लागला आणि चेंडू खाली पडला. ऑस्बोर्न यांनी पुढे तीन अजिंक्यपदे मिळविली. तरी त्या एका निर्णयावरील वाद मिटलेला नाही. कोणी त्याला बाणेदारपणा म्हणतात, कोणी हट्ट.

आम्हांस यात निवाडा देणे कठीण जाते. एका कारखान्याच्या संपात मालकाने आमची निम्मी मागणी मान्य केली होती. आम्ही पुरी मागितली. आठवडे गेले, घराघरांतली भांडी विकली गेली, आणि शेवटी माणसे परत गेली ती निम्म्याहूनही कमी घेऊन. आम्ही द्वारसभेत हात वर करवून निर्णय घेतला होता, असे आम्ही बरीच वर्षे सांगत आलो. पण हात वर होण्याआधी तासभर भाषण आमचेच झाले होते. ऑस्बोर्नविषयी शौकीन भांडतात तेव्हा ती द्वारसभा आठवते. शिरस्त्राणातला रेडिओ आम्हीही वाजविला आहे.

आता त्या निकालपत्राकडे येऊ. नॉर्थवेस्टर्नच्या मुलांनी जानेवारी २०१४ मध्ये संघटनेसाठी अर्ज केला. त्यांचा पुढारी होता केन कोल्टर, नुकताच शेवटचा हंगाम खेळलेला त्यांचा क्वार्टरबॅक. ज्याला चाल सांगितली जाते तोच पुढे आला, याचे आम्हांस आश्चर्य वाटले नाही. विद्यापीठ म्हणाले, हे विद्यार्थी आहेत. यामागे जुना इतिहास आहे. १९५५ साली कोलोराडोत एक विद्यार्थी सामन्यातील दुखापतीने मेला. त्याच्या पत्नीने कामगार-भरपाई मागितली, ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली नाकारली. त्याच दशकात 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द अशा भरपाईच्या दाव्यांना उत्तर म्हणून रुळविण्यात आला, हे कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संस्थेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले.

अधिकाऱ्याने मात्र शब्दाकडे न पाहता कामाकडे पाहिले. हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास खेळासाठी जातात. कोठे राहावयाचे, बाहेर नोकरी धरावयाची की नाही, मोटार कोणती वापरतो, समाजमाध्यमांवर काय लिहितो, या सर्वांवर प्रशिक्षकांची नजर. नियंत्रण हेच नोकरीचे लक्षण. म्हणून ही मुले कामगार. साठ वर्षे ज्या हावेने मैदानावरचा एकेक निर्णय मुलांच्या हातून काढून घेतला, तिनेच त्यांच्या बाजूचा पुरावा तयार करून ठेवला होता. चाल त्यांनीच ठरविली असती तर अर्ज कदाचित टिकला नसता.

एप्रिलमध्ये मतदान झाले. प्रशिक्षकाने मुलांस विरोधी मत देण्याचे आवाहन केले होते. विद्यापीठ अपिलात गेल्यामुळे मतपत्रिका मोहोरबंद राहिल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये वरिष्ठ मंडळाने या प्रकरणी अधिकार चालविण्याचेच नाकारले; मुले कामगार आहेत की नाहीत, यावर ते बोलले नाही. मते मोजलीच गेली नाहीत. २०२१ पासून मुलांस स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळविता येऊ लागले. २०२३ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने एका प्रशिक्षकाला काढले, तेव्हा कराराप्रमाणे साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम त्याला देणे लागले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीस मान्यता दिली, आणि पहिल्या वर्षी दर विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत रक्कम खेळाडूंस थेट वाटण्याची मुभा मिळाली. ती वाटणी कशी करावयाची, हे मुलांच्या संघटनेशी बोलून ठरवावे असे कलम त्या तडजोडीत नाही.