हेन्लीचे बंद दार आणि जॅक केली

जून १९२०. इंग्लंडमधील थेम्स नदीवर भरणाऱ्या हेन्ली रॉयल रेगाटाच्या कारभाऱ्यांपुढे फिलाडेल्फियाच्या जॅक केलीचा प्रवेशअर्ज आला. दोन हातांत दोन वल्ही घेऊन एकट्याने नाव हाकण्याच्या 'डायमंड स्कल्स' या स्पर्धेसाठी तो होता. अर्ज नामंजूर झाला.

केली हा आयरिश स्थलांतरितांच्या दहा अपत्यांतील एक. पेशाने गवंडी. आणि हेन्लीचा नियम असा, की मजुरीसाठी हातांनी काम करणारा, किंवा पूर्वी कधी केलेला मनुष्य 'हौशी' खेळाडू नव्हे. श्रमाने कमावलेले बळ शर्यतीत अन्यायकारक ठरते, असा त्यामागील युक्तिवाद. मित्रहो, त्यातील 'पूर्वी कधी' हे शब्द पाहा! थापी खाली ठेवली तरी गवंडीपण सुटत नाही, असाच त्यांचा अर्थ.

प्रचलित कथा येथेच थांबते. इतिवृत्तात मात्र आणखी एक कारण आहे, आणि ते गाळणे योग्य नव्हे. केलीचा व्हेस्पर क्लब १९०५ मध्ये लोकवर्गणी काढून हेन्लीस आला होता. हौशीपणाला ते बाधक ठरवून १९०६ पासून त्या क्लबवर बंदी होती. अर्थात, ज्यांना वर्गणीची गरजच पडत नाही त्यांनी केलेला हा नियम, हेही ओघाने आलेच.

त्या वर्षीचे डायमंड स्कल्स इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डने जिंकले. ऑगस्टमध्ये, बेल्जियममधील ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत, हाच बेरेसफर्ड केलीच्या शेजारी उभा ठाकला. केली जिंकला, एका सेकंदाने. शर्यतीनंतर दोघांना हस्तांदोलनाचेही त्राण उरले नव्हते, असे सांगतात. तरीही सुमारे अर्ध्या तासाने चुलतभाऊ पॉल कॉस्टेलो याच्यासह केली दुहेरीसाठी पुन्हा पाण्यात उतरला आणि दुसरे सुवर्णपदक घेऊन आला. १९२४ मध्ये पॅरिसला या जोडीने तेच पदक राखले.

पुढे विटांच्या बांधकामाच्या व्यवसायात तो श्रीमंत झाला. नियम मात्र टिकून राहिला. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या संघालाही हेन्लीने त्याच नियमाखाली नाकारले. त्यानंतर टीका वाढली आणि १९३७ मध्ये श्रमिकांविषयीचे ते शब्द वगळण्यात आले.

१९४७ मध्ये डायमंड स्कल्स जिंकणाऱ्याचे नाव होते जॅक केली, त्याचा मुलगा. १९४९ मध्ये तो पुन्हा जिंकला. आणि १९८१ मध्ये हेन्लीची पारितोषिके देण्यासाठी सन्मानाने बोलावण्यात आले ते गवंड्याच्या मुलीला, मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस केली हिला.