साउंडबार
दूरचित्रवाणीचा आवाज सुधारण्यासाठी टीव्हीखाली किंवा भिंतीवर आडवे बसवायचे उपकरण. एकाच लांबट पेटीत अनेक स्पीकर आणि त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. टीव्ही सपाट झाले तसे त्यांतले स्पीकर लहान झाले, बहुतेकांची तोंडे खाली किंवा मागे वळली. म्हणून आवाज वाढवूनही संवाद कळत नाहीत. साउंडबारचा खरा उपयोग इथेच आहे, दणदणाटात नाही.

साउंडबार वापरताना त्या देशातले प्रक्षेपण, घरे आणि वीज पाहावी लागते; न्यूझीलंडचे उदाहरण घ्या. तिथले अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपण डिसेंबर २०१३ मध्ये पूर्णपणे थांबले, उरले ते डिजिटल. फ्रीव्ह्यू या तिथल्या मोफत डिजिटल सेवेच्या अँटेनावरून मिळणाऱ्या वाहिन्यांचा ध्वनी ‘एचई-एएसी’ या संकोचन पद्धतीचा असतो. तो काही साउंडबारना उलगडत नाही आणि बातम्या मुक्या होतात. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडले की टीव्ही स्वतः तो उलगडून पुढे पाठवतो. जोडणीसाठी ‘एआरसी’ लिहिलेले एचडीएमआय पोर्ट उत्तम : २००९ पासूनच्या या सोयीमुळे एकच केबल पुरते आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त करता येतो.

न्यूझीलंडमधली बरीच घरे लाकडी चौकटीची, आतून जिप्समच्या फळ्या लावलेली. जुन्या घरांत जमीनही लाकडी. अशा हलक्या भिंतींतून खर्जाचा आवाज सहज पलीकडे जातो. साउंडबारसोबतचा सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, कोपऱ्यात ठेवला तर खर्ज आणखी फुगतो, तेव्हा सबवूफर कोपऱ्यापासून दूर, मंद पातळीवर ठेवावा. रात्री ‘नाइट मोड’ लावल्यास स्फोट दबतात, बोलणे मात्र स्पष्ट राहते. भारतातून नेलेला साउंडबार तिथल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ विजेवर चालतो. प्लगच्या पिना तेवढ्या वेगळ्या, चपट्या असतात.