दादा गेले त्या दिवशी

१४ मार्च १९९८. दादा कोंडके गेल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आजोबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता तसाच हातात राहिला. "आपला माणूस गेला," एवढंच म्हणाले.

आम्ही मुळशीचे. आमच्याकडे घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असायचा, गिरणीत नाहीतर डबे पोचवायला. आजोबा डबेवाले. दादांचं मूळ गाव इंगवली, भोर तालुक्यातलं, म्हणजे आमच्या शेजारचंच. जन्म मात्र १९३२ साली मुंबईत, नायगावच्या गिरणगावात. सेवादलाचं कलापथक, मग वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’, १९६९ मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ आणि १९७१ मध्ये स्वतःचा ‘सोंगाड्या’. दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागावा म्हणून शिवसैनिक रस्त्यावर उतरले, हा किस्सा आजोबा तिखटमीठ लावून सांगायचे. पुढे सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, गिनीज बुकात नाव गेलं.

बाबा शिक्षक. त्यांना हे सगळं अचकटविचकट वाटायचं. घरात दादांचं नाव काढायची सोय नव्हती. मी जत्रेतल्या तंबूत आजोबांच्या मांडीवर बसून ‘पांडू हवालदार’ पाहिला, तोही चोरून.

आता वाटतं, बाबांचं अगदीच चूक नव्हतं. नंतरच्या काही सिनेमांतले द्व्यर्थी विनोद आज बघताना मलाही अवघडायला होतं, विशेषतः बायकांवरचे. पण आजोबा त्यासाठी जात नव्हते. दिवसभर साहेबांचे डबे वाहणाऱ्या माणसाला पडद्यावर आपल्यासारखाच एक बावळट दिसायचा. अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, ‘आये’ म्हणून आईला मारलेली हाक. शहाणे त्याला हसायचे आणि शेवटी तोच जिंकायचा. आपली बोली आणि आपला गबाळेपणा यांची लाज वाटू नये, असं त्यांना ते तीन तास वाटत असावं.

त्या रात्री जेवताना कोणी बोलेना. मग बाबांनीच विचारलं, "दादा, ते कोहिनूरचं काय झालं होतं हो?"

बाबा आजोबांना दादाच म्हणत. त्या दिवशी ती हाक जरा वेगळीच ऐकू आली. आजोबांनी किस्सा पहिल्यापासून सांगितला. बाबा हसले. मी त्यांना दादा कोंडक्यांच्या नावावर हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आज दोघंही नाहीत. टीव्हीवर ‘सोंगाड्या’ लागला की मी आवाज थोडा मोठाच ठेवतो.