परस्पर संमतीचा घटस्फोट आणि प्रतीक्षाकाल : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पती-पत्नी दोघेही विभक्त होण्यास राजी असले तरी कायदा त्यांना काही काळ थांबावयास लावतो. हा काळ प्रत्येक विवाह कायद्यात निराळा आहे. ही विषमता धर्मभेदातून आली, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः तिचे मूळ धर्मग्रंथांपेक्षा कायदे-दुरुस्तीच्या सालांत अधिक आहे. आणि वनप्रदेशातील आदिवासी स्त्रीपुढचा प्रश्न तर प्रतीक्षेचा नसून पुराव्याचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पूर्वीचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. त्यामुळे मुंबई प्रांताचा १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा येथे लागू झाला नाही. ज्या हिंदू जातींत काडीमोडीची रूढी नव्हती, त्यांच्या विवाहांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेच ही वाट खुली झाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या बौद्ध समाजालाही हाच कायदा लागू आहे. स्कॉटिश एपिस्कोपल मिशनच्या कार्यातून येथे उभा राहिलेला ख्रिस्ती समाज मात्र १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

प्रतीक्षाकालातील विषमता

परस्पर संमतीची तरतूद विशेष विवाह कायद्यात १९५४ पासून होती. हिंदू विवाह कायद्यात ती १९७६ च्या दुरुस्तीने आली. आज या दोन्ही कायद्यांत एक वर्ष विभक्त राहणे आणि अर्जानंतर किमान सहा महिने थांबणे अपेक्षित आहे. पारशी कायद्यात १९८८ साली ही तरतूद झाली, तेव्हा एक वर्षाची अट घातली गेली. पण पुढचे सहा महिने आले नाहीत. ख्रिस्ती दांपत्यांसाठी २००१ साली दोन वर्षांची अट आली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एका वर्षावर आणली व २०२२ मध्ये त्या एका वर्षाची अटही घटनाबाह्य ठरविली. मुस्लिम कायद्यातील ‘मुबारत’ परस्पर संमतीनेच पूर्ण होते. इद्दतचा काळ त्यानंतरचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हिंदू विवाह कायद्यातील सहा महिन्यांची अट अनिवार्य नसल्याचा निर्णय दिला.

ख्रिस्ती धर्मविचारात ‘दोन वर्षे’ किंवा पारशी धर्मविचारात ‘एक वर्ष’ असा दंडक नाही. संसदेने वेगवेगळ्या वेळी केलेल्या दुरुस्त्यांचा हा परिणाम होय.

रूढी आणि पुरावा

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजेच गोंड व माडिया समाजात रूढीच प्रमाण ठरते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही गोंडांमध्ये घटस्फोट व विधवेचा पुनर्विवाह मान्य असल्याची नोंद आहे. पंचांसमोर फारकत झाली की कायद्याने ठरविलेली प्रतीक्षा उरत नाही.

वरकरणी ही सर्वांत सुलभ व्यवस्था वाटते. परंतु न्यायालयात रूढी सांगून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. २००१ साली एका आदिवासी पत्नीने पतीविरुद्ध केलेली द्विभार्येची तक्रार सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. दुसरा विवाह अवैध ठरविणारी रूढी तिच्या बाजूने सिद्ध झाली नव्हती. फारकतीच्या बाबतीतही हीच अडचण संभवते. पोटगी, वारसा किंवा शासकीय योजनेचा लाभ यांसाठी आपली वैवाहिक स्थिती दाखविण्याची वेळ आली, तर तोंडी फारकतीचा कागद त्या स्त्रीजवळ नसतो. जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवरील सिरोंचासारख्या ठिकाणाहून असा पुरावा उभा करणे अधिकच कठीण जाते.

निष्कर्ष

प्रतीक्षाकाल समान करणे हे संसदेचे काम आहे व ते व्हावयास हवे. मात्र तेवढ्याने या दोन जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रीचा प्रश्न सुटत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला रूढी व तंटे सोडविण्याच्या पारंपरिक पद्धती जपण्यास सक्षम मानले आहे. त्याच आधारे, फारकतीची तारीख, दोघांची संमती व मुलांविषयीचा निर्णय यांची लेखी नोंद ग्रामसभेने ठेवल्यास रूढीही टिकेल आणि स्त्रीच्या हाती पुरावाही राहील.